अकरावी सूचना

"कुजबुजायचंसुद्धा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मी घड्याळाकडे पाहिलं.

मोरवडची एस.टी. साडेपाचला सुटायची आणि पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. माझ्या हातातल्या कागदावर एक ते दहा सूचना माझ्या अक्षरात लिहून झाल्या होत्या. अक्षर चांगलं होतं. मोरवडच्या दिवाणी कोर्टात मी तेव्हा कनिष्ठ लिपिक होतो आणि रोजनामा लिहायचो. रोजनामा म्हणजे त्या दिवशी कोर्टात काय घडलं त्याची नोंद. बी.ए.ला मराठी घेतलेलं असल्यामुळे जे घडलं नाही तेही मला नीट लिहिता यायचं.

"लोकांना वाटतं, कुजबुजलं की घशाला आराम मिळतो," बाई म्हणाल्या. "उलट आहे. ताण जास्तच पडतो. यांच्या आवाजाच्या पडद्यांवर गाठी आल्यात. कुदळ मारून हाताला घट्टे पडतात ना, तशा. एकवीस दिवस पूर्ण मौन पाळलं तर बऱ्याचशा विरतील. नाही पाळलं तर चाकू लावावा लागेल, आणि चाकू लावल्यावर आवाज कसा येईल ते मी सांगू शकत नाही. मोठ्यानं बोलायचं नाही, हळूही नाही. लिहा हे."

कागद खालपर्यंत भरला होता. "तोंडी सांगतो," मी म्हणालो.

ज्यांच्या पडद्यांबद्दल हे चाललं होतं ते हैबती लोंढे, आमच्या कोर्टाचे पट्टेवाले, बाहेर चूळ भरायला गेले होते. घशात आरसा घातल्यावर त्यांना उमासे आले होते. मी बाहेर आलो तर ते चौकटीला पाठ लावून, दोन्ही हात पुढे बांधून उभे. सव्वीस वर्षं ते कोर्टाच्या दारात असेच उभे राहत आले होते, त्यामुळे दवाखान्याच्या दारातही त्यांना दुसरं काही सुचलं नसावं.

"चला मामा, गाडी जाईल," मी म्हणालो. आणि आम्ही पळालो.

गाडीत त्यांनी कागद मांडीवर पसरून दोनदा वाचला. वाफ घेणे. दिवसाला बारा पेले पाणी. तंबाखू बंद. चहा दोनच वेळा. झाडलोट करायची नाही. खाकरायचं नाही, खाकरावंसं वाटलं की पाण्याचा घोट गिळायचा. लांबून कुणाला हाक मारायची नाही. या शेवटच्या सूचनेवर त्यांनी बोट ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि आवाज न करता हसले.

लांबून हाक मारणं हीच त्यांची नोकरी होती.

आमच्या कोर्टात बसायला बाकं चार. त्यांतली दोन वकिलांची, एक पोलिसांचं आणि एक मोडकं. पक्षकार आवारातल्या लिंबाखाली बसत, रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर बसत, आपापल्या गावच्या टेम्पोत बसत. बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या दाव्यांच्या यादीवर, दाव्याची पाळी आली की हैबतीमामा दारात येऊन खाकरायचे. त्या खाकरण्यानंच टपरीवरचे अर्धे वकील कप खाली ठेवायचे. मग नाव जायचं, तीनदा. तिसऱ्या हाकेपर्यंत माणूस आला नाही तर मी रोजनाम्यात लिहायचो, 'पुकारले असता गैरहजर.' पुढचं काम कागद करायचा.

भोंगा का नव्हता असं कुणी विचारेल. भोंग्याचा प्रस्ताव चार वर्षांपूर्वी जिल्ह्याला गेला होता. उत्तर आलं होतं की, आवाज किती अंतरापर्यंत जाणे अपेक्षित आहे ते मीटरमध्ये कळवावे. आम्ही कळवलं. मग विचारणा आली की सदर अंतर कोणी मोजले.

आमचे न्यायाधीश देवस्थळी साहेब सज्जन होते. मौनाचा दाखला पाहून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"लोंढे, रजा घ्या."

मामांनी मान हलवली. रजेवर गेलेल्या पट्टेवाल्याच्या दारात दुसरा उभा राहतो आणि मग तोच उभा राहतो, हे त्यांनी बघितलेलं होतं. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. घर मोरवडात, म्हैस मोरवडात. पुकारा करायला असमर्थ ठरलेल्या शिपायाची बदली जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममध्ये व्हायची. ती साठ किलोमीटर लांब होती आणि तिथली धूळ निजामाच्या काळातली होती.

"बरं. मग दारावर बसा नुसते. पुकारा..." साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. दुसरा शिपाई त्यांच्याच बंगल्यावर होता. तालुक्याच्या कोर्टातला दुसरा शिपाई बंगल्यावरच असतो. त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. "पुकारा हे करतील. शिकलेले आहेत."

शिकलेल्या माणसाचा आवाज व्हरांड्यापुढे जात नाही, हे साहेबांना माहीत असायला हवं होतं. त्यांचा स्वतःचा तर टेबलाच्या कडेलाच संपायचा.

खरं सांगायचं तर माझा घसा ठणठणीत होता. अडचण माझ्या पदवीची होती. दारात उभं राहून गावजत्रेसारखी आरोळी ठोकायची, आणि समोर आपल्याच वर्गातले दोघं काळे कोट घालून चहा पिताहेत. मी दारात जायचो आणि नाव वाचायचो. यादीतलं नाव यादीला ऐकू जाईल इतपत.

पहिले दोन दिवस निभावलं, कारण वकील मंडळी आपापल्या पक्षकाराला हुडकून आणत होती. तिसऱ्या दिवशी वकिलांचा कामबंद होता.

सव्वाअकराला दावा आला. कोंडाबाई भागूजी पवळे, राहणार धामणवाडी. मी दारात गेलो. "कोंडाबाई भागूजी पवळे हाजिर है?" असं तीनदा वाचलं. शेजारी स्टुलावर मामा पट्टा-बिल्ला लावून, मांडीवर पाटी घेऊन बसले होते. दुसऱ्या हाकेला ते अर्धवट उठले. तिसऱ्या हाकेला त्यांचा हात गळ्यापाशी गेला. मी आत वळलो आणि लिहिलं. साहेबांनी सही केली. दावा गैरहजेरीत निकाली.

तीनच्या सुमाराला एक म्हातारी व्हरांड्याच्या पायरीवर आली. हातात भाकरीचं रिकामं फडकं.

"बाबा, माझा नंबर कवा हाय?"

"नाव काय आजी?"

"कोंडाबाई. धामणवाडीची."

मी रोजनामा उघडला. त्याची गरज नव्हती. "तुमचा दावा सकाळीच निकाली निघाला. पुकारलं तेव्हा तुम्ही नव्हता."

"मी नव्हते?" ती म्हणाली. "नऊ वाजल्यापास्नं त्या लिंबाखाली बसलीया मी. भाकर बी तितंच खाल्ली. मला कुनी हाक मारलीच न्हाई."

"तीनदा मारली."

तिनं माझ्याकडे बघणं सोडून दिलं आणि स्टुलाकडे वळली.

"हैबती, तू हैस की रं इथं. नऊ वर्सं झाली, दर तारखंला तुझी हाक ऐकून उठती मी. आज मारलीस का हाक?"

मामांनी पाटी उचलली. दोन अक्षरं लिहिली. मग त्यांच्या लक्षात आलं असावं की तिला वाचता येत नाही. त्यांनी बाहीनं पाटी पुसली आणि खाली ठेवली.

"का रं, बोलत न्हाईस?"

"त्यांना डॉक्टरांनी बंदी केलीय," मी म्हणालो. "आजी, अर्ज करता येतो. दावा परत बोर्डावर घेता येतो. मी लिहून देतो."

विहिरीलगतची अकरा गुंठे जमीन दिराच्या पोरांनी दाबली होती. नऊ वर्षांत तिनं एकही तारीख चुकवली नव्हती. अर्ज मी माझ्या चांगल्या अक्षरात लिहिला. 'अर्जदार अपरिहार्य कारणास्तव गैरहजर राहिली.' तिनं अंगठा उठवला. अर्जाला वीस दिवसांनंतरची तारीख पडली. जाताना तिनं मामांच्या गुडघ्याला हात लावला आणि म्हणाली, "औशिद घे रं येवस्थित."

मला काही म्हणाली नाही.

संध्याकाळी मी खिडक्या लावत होतो. मागून काहीतरी आलं. त्याला आवाज म्हणता येणार नव्हतं. फटीतून वारा यावा तसं.

"भाऊसायेब."

मी वळलो. मामा दारात उभे होते.

"असं बोललं तर चालंल का?"

इथं मला नेमकं सांगितलं पाहिजे. डॉक्टरीणबाईंचं वाक्य मला आठवलं नाही असं झालं नाही. शब्दन् शब्द आठवलं, घड्याळातल्या वेळेसकट. अजून अठरा दिवस मला त्या दारात उभं राहायचं होतं. लिंबाखाली अजून किती कोंडाबाया बसणार होत्या ते बोर्डावर लिहिलेलं होतं. हैबतीमामांनी हाताशी बसून सांगितल्याशिवाय मला ते जमणार नव्हतं.

"चालेल की," मी म्हणालो. "त्यात आवाज कुठं निघतोय?"

ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग मान डोलावली.

"मंग उद्या साडेनवाला या. लोक यायच्या आदी."

दुसऱ्या दिवशी साडेनऊला कोर्टाच्या रिकाम्या दारात माझी शिकवणी सुरू झाली.

"नाव कुनाला वाचून दावताय?" ते कुजबुजले. "त्या टपरीवरच्या किटलीला हाक मारा. किटलीनं वळून बघितलं पायजे."

मी ओरडलो. किटली तशीच राहिली. झाडावरचा कावळा उडाला.

"वरडू नका. वरडून मीच काय केलंय ते बघताय न्हवं? पाय फाकवा. श्वास प्वाटात घ्या, छातीत नगं. आता सोडा."

"काय सोडू?"

"गाव. आदी गाव सोडायचं. सरकारी कागदात नाव आदी असतंय, पन मानसाचा कान गावाला उटतो. धामणवाडीऽऽ म्हणलं की धामणवाडीची समदी टवकारत्यात. मंग बापाचं न्हाई तर नवऱ्याचं नाव. आनि शेवटाला तिचं. तवर ती पदर सावरून उबी ऱ्हाती."

"साहेब म्हणतील, क्रम चुकतोय."

"सायेब आत बसत्यात. त्यांना हाक मारायची न्हाई आपल्याला."

अठरा दिवस ते बोलत होते. सकाळी तास, दुपारी सुट्टीत अर्धा तास, आणि बोर्ड चालू असताना स्टुलावरून सतत. "थांबा, यष्टीचा हॉर्न जाऊ द्या." "ह्याच्या बापाचं नाव येसाजी, पर गावात येसू म्हणत्यात. तिसऱ्या हाकंला येसू म्हणा." "ती बाई बहिरी हाय, तिच्या नातवाला हाक मारा." सव्वीस वर्षांची माणसं त्यांच्या डोक्यात गावनिहाय रचून ठेवलेली होती. भोंगा आला असता तरी त्याला यातलं काही येत नव्हतं.

वाफ ते नेमानं घेत. पाणी मोजून पीत. तंबाखूची डबी त्यांनी माझ्या टेबलाच्या खणात आणून टाकली होती. दहाच्या दहा सूचना पाळल्या जात होत्या. कोर्टात सल्ले सगळेच देतात, पण फुकट फक्त घशाचेच मिळतात, तेव्हा ज्येष्ठमध, कंकोळ, हळदीचं दूध असं बरंच काही स्टुलापाशी जमा झालं होतं. लवंग त्यांनी कुणाकडून घेतली नाही. कागदावर नवव्या क्रमांकाला तिला बंदी होती.

दुसऱ्या आठवड्यात एकदा मी "सोनखेडऽऽ" म्हणून सोडलं आणि टपरीवाला किटली हातात धरून वळला. मी स्टुलाकडे पाहिलं. मामांनी डोळे मिटून मान हलवली, गवयाला दाद द्यावी तशी. नंतर त्यांना खोकल्याची उबळ आली. त्यांनी घोट गिळला. पुढचं नाव सांगायला तोंड उघडलं, तेव्हा आधीचा तो वाराही नीट येत नव्हता.

मला ते दिसलं. पुढचं नाव मी घेतलं.

एकविसाव्या दिवशी आम्ही डॉक्टरीणबाईंसमोर बसलो. त्यांनी आरसा काढला, परत घातला, परत काढला.

"बोललात तुम्ही."

मामांनी मान हलवली. मग हवेतल्या हवेत म्हणाले, "बोललो न्हाई. हळूच..."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मी तुम्हाला सांगितलं होतं. सांगितलं नाहीत यांना?"

मी घड्याळाकडे पाहिलं. मामांनी पाटी ओढली आणि लिहिलं. वळणदार, चौथी पास अक्षर. 'सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.'

"या वयात असा हट्ट?" बाई चिडून त्यांना म्हणाल्या. "आता शस्त्रक्रिया केली तरी बोलण्यापुरता आवाज येईल. पुकाऱ्याचं विसरा."

येताना गाडीत आम्ही शेजारी बसलो होतो. साठ किलोमीटर मी शब्द जुळवत होतो. मोरवडचा स्टँड आला तेव्हा वाक्य तयार होतं, पण मामा उतरून चालायला लागले होते.

साहेबांनी दाखला वाचला. "जिल्ह्याला पत्र लिहावं लागेल," ते म्हणाले. "पुकारा करण्यास असमर्थ. बदलीस पात्र." आणि बाहेर बघत पुढे म्हणाले, "उद्याचा बोर्ड होऊ द्या. मग लिहा."

दुसऱ्या दिवशी बोर्डावर पहिलाच अर्ज होता कोंडाबाईचा.

साहेब येऊन बसले. "पुकारा," असं टेबलाच्या कडेपर्यंत म्हणाले. मी उठायच्या आधी मामा उठले. त्यांनी पट्टा सरळ केला, पितळी बिल्ला बाहीनं पुसला, आणि दारात जाऊन उभे राहिले, पाय फाकवून. खाकरले नाहीत. सहावी सूचना. मागून मला त्यांची पाठ फुगलेली दिसली, म्हणजे श्वास पोटात गेला होता. मान थोडी वर झाली.

काहीच आलं नाही.

ते तसेच उभे होते. आवारातून त्यांचं उघडं तोंड दिसत असणार.

मी खुर्ची सोडली आणि त्यांच्या मागे, दाराच्या आत जाऊन उभा राहिलो. तिथून मी बाहेरच्या कुणालाही दिसत नव्हतो. पोटात श्वास घेतला. एस.टी.चा हॉर्न जाऊ दिला.

"धामणवाडीऽऽ... भागूजी पवळ्याचीऽऽ... कोंडाबाईऽऽ... हाजिर हैऽऽ?"

लिंबाखालची सगळी माणसं वळली. त्यांतून एक हात वर आला, भाकरीच्या फडक्यासकट. टपरीवरून कुणीतरी ओरडलं, "आयला, हैबती बरा झाला!"

मामांनी मागे वळून पाहिलं नाही. दुसऱ्या हाकेची वेळ झाली तशी फक्त मान परत थोडी वर केली. पण दुसऱ्या हाकेची गरज पडली नाही.

मी जागेवर येऊन बसलो आणि रोजनाम्यात लिहिलं, 'पुकारले असता अर्जदार हजर.' साहेब चष्म्यावरून एकदा दाराकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. दावा परत बोर्डावर घेतला गेला. संध्याकाळी मी विचारलं, "साहेब, ते जिल्ह्याचं पत्र?"

"कोणतं?" साहेब म्हणाले.

"बरं," मी म्हणालो.

पुढे दीड वर्ष मोरवडच्या कोर्टाचा पुकारा असा चालला. दारात पट्टा आणि तोंड हैबतीमामांचं, आत माझा घसा. वकिलांना कळलं होतं. टपरीवाल्याला पहिल्याच दिवशी कळलं असावं. कुणी लेखी काही विचारलं नाही, त्यामुळे कुणाला उत्तर द्यावं लागलं नाही.

शस्त्रक्रियेनंतर त्यांना जो आवाज आला तो समोरासमोर बसलं तर कळायचा. सुकलेली पानं हातानं चुरगाळावीत तसा. निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं गेलं. पट्टा आणि बिल्ला सरकारजमा झाला. घड्याळाचं खोकं घेऊन मी त्यांना आवाराच्या फाटकापर्यंत पोचवायला गेलो. दीड वर्ष तयार असलेलं वाक्य तिथं बाहेर पडलं.

"मामा, कुजबुजायचं नाही असं डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मला आठवत होतं."

 रस्त्यावरून एस.टी. हॉर्न देत चालली होती. सवयीनं त्यांनी तो हॉर्न जाऊ दिला.

"ठावं हाय."

"कधी कळलं?"

"तवाच. दारात हुतो न्हवं का मी."

चौकटीला लावलेली पाठ मला दिसली. बांधलेले हात दिसले. सव्वीस वर्षं दारात उभं राहून आतलं-बाहेरचं दोन्ही ऐकणारा माणूस.

"मग मला विचारलंत कशाला?"

त्यांनी माझ्या हातातून घड्याळाचं खोकं घेतलं. काखेत नीट बसवलं. शाल दुसऱ्या खांद्यावर टाकली.

"म्हातारीचं तोंड डोळ्यापुढनं हालंना," ते म्हणाले. मग खोकं पुन्हा सावरून, "तुम्ही न्हाई म्हणला असता, तर गप बसलो असतो."

त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. साक्षीदार तारीख-वार सांगतो, तसं ते बोलले होते. आणि ते चालायला लागले.

मी फाटकातच उभा राहिलो. ते टपरीच्या पुढे गेले, पिंपळाच्या वळणाशी पोचले. काहीतरी म्हणायला हवं होतं, आणि मला एकच गोष्ट म्हणता येत होती, तीही त्यांनीच शिकवलेली. मी पाय फाकवले. टपरीवर आपल्या वर्गातलं कोण बसलंय ते पाहिलं नाही.

"मोरवडऽऽ... रावजी लोंढ्याचाऽऽ... हैबतीऽऽ..."

किटली वळली. वकील वळले. लिंबाखालची माणसं उठून उभी राहिली.

त्यांनी वळून पाहिलं नाही. फक्त मोकळा हात वर केला, कोंडाबाईनं केला होता तसा, आणि वळणाआड गेले.